भाकर बांधून आलेली विहीण

इरा, परवा तू फोनवर गिटार वाजवून जे गाणं ऐकवलंस, त्यातल्या मुलाचा मला फार राग आला. तासभर वाट पाहायला लावून वर त्याने सगळा वेळ आपल्या आधीच्या मैत्रिणीबद्दल बोलावं, आणि तू घरी येऊन, बाहेर बर्फ पडत असताना, त्याचं गाणं करावंस. गाणं चांगलं झालंय. मग तू मला विचारलंस, ‘आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?’ मी ‘नाही गं’ म्हणाले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की असंच खोटं ‘नाही’ मी आयुष्यात एकदा अगदी वाईट जागी म्हटलं होतं. म्हणून तुम्हा नातवंडांसाठी लिहीत असलेल्या आठवणींतलं हे प्रकरण. ते कॉलेजच्या प्रकरणानंतर यायला हवं होतं. मी ते गाळलं होतं. आता लिहून त्या जागी लावते आहे.

नांदेडला आमचं घर दोन खोल्या आणि मागे न्हाणीघर असं होतं. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, त्यावर वडील उठायचे आणि रेडिओ लावायचे, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून आईच्या स्टोव्हच्या फरफरीखाली दबून जायचे. वडील शाळेत इंग्रजी शिकवत. मीही इंग्रजीत एम. ए. केलं, म्हणजे वडिलांच्या मते घरात दुसरा कर्ता माणूस तयार झाला आणि आईच्या मते एक पोरगी लग्नाची राहिली. माझ्या पाठीवर सुमन होती. ती दिसायला माझ्याहून उजवी, त्यामुळे पाहुणे आले की तिला शेजारी पाठवून देत. ती जाताना माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिच्याकडे. आमच्या दोघींमधलं जे काही तुटलं ते त्या शेजारी जाण्यायेण्यात तुटलं, भांडण कधीच झालं नाही.

बघण्याचा कार्यक्रम म्हणजे काय ते तुम्हाला सिनेमात दिसतं, तसंच होतं, फक्त त्यात संगीत नसतं. आई सकाळपासून शेंगदाणे भाजायची. आमच्या घरी खरं तर सुशीला छान होत असे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वर डाळव्याची पूड घातलेला. पण पाहुण्यांपुढे मुरमुरे कसे ठेवायचे, म्हणून पोहे. बशा सहा होत्या, एकाच नक्षीच्या, फक्त याच कामासाठी. पहिले पाहुणे मुदखेडहून आले. मुलाच्या आईने मला दाराच्या चौकटीला उभं केलं, डोक्याच्या पातळीला बोट ठेवलं, आणि ते बोट तसंच धरून मुलाला बोलावून तिथे उभं केलं. आठवड्याने पोस्टकार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

त्या दिवशी वडील जेवले नाहीत. आई पापड लाटत बसली होती, मी तिच्यासमोर लाट्या करत होते. रडणार होते, तेवढ्यात आईने खाली मान घालूनच, हळू आवाजात, लग्नातल्या चालीवर म्हटलं, ‘मुदखेडाचे पाव्हणे, आले गाडीनं गाडीनं…’ आणि थांबली. मग म्हणाली, ‘पुढचं तू लाव की. एम. ए. केलंस ना?’ मला ते कसं सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, ‘माझी उंची मोजली गं, दाराच्या कडीनं.’ आई इतकी हसली की पापड फाटला. माझं पहिलं गाणं ते.

आमच्या भागात लग्नाच्या मांडवात मुलीकडच्या बायका विहिणीवर गाणी म्हणतात. विहीण म्हणजे मुलाची आई. तिचं नाक, तिची चाल, तिचा हावरटपणा, काही सोडत नाहीत. विहीण समोर पाटावर बसून ऐकते, आणि मग तिच्याकडच्या बायका उत्तर देतात, तेही तितकंच तिखट. आईने मला तेव्हाच बजावलं होतं की हे गाणं तोंडावरच म्हणायचं. माघारी म्हटलं तर ते गाणं राहत नाही, नुसत्या शिव्या होतात. मी विचारलं, मग आपण आत्ता म्हटलं त्याचं काय? तर म्हणाली, ‘त्यांनी नकार कळवला की न्हाई? मग ती कशाची विहीण. रस्त्यानं जाणारी बाई. खुशाल म्हण.’ म्हणजे नियम असा ठरला: पोस्टकार्ड आल्यावर गाणं, आधी नाही. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी एक दोनशे पानी वही केली, डाव्या पानावर गाव, उजव्या पानावर गाणं. बिलोलीच्या एका मास्तरांनी मला इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं होतं, आणि स्वतः सगळा वेळ बशीतले शेंगदाणे वेचत होते. ‘बिलोलीचा मास्तर गं, चष्मा पुसतो पुसतो, इंग्रजी वाचाय लावून, बशीत बघतो.’ अशी अकरा गाणी झाली. पहिल्या चार-पाचांना आई हसली. पुढे ती नुसतं ऐकायची. अकराव्याला म्हणाली, ‘बास झालं आता, झोप.’ गाण्याने माणूस हलका होतो म्हणतात ते खरं आहे, पण किती वेळा हलकं व्हायचं याला मर्यादा असते. सत्ताविसाव्या वर्षी मला आरशात फक्त उंची, रंग आणि दात एवढंच दिसत असे, सुटं सुटं.

त्याच वर्षी मी लातूरला मावशीकडे गेले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या निघत होत्या. बारावीचा निकाल लागला की इथल्या मुलांची नावं पेपरात झळकत, आणि पुढच्या जूनमध्ये चार जिल्ह्यांतून ट्रंका आणि गाद्या घेऊन पोरंपोरी एसटीने येऊन उतरत. विधवा मावशीने वरच्या दोन खोल्या अशाच आठ मुलींना दिल्या होत्या. मी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवू लागले. खाली लोखंडाचं दुकान, वर पत्र्याचा हॉल, बाकावर पाच-पाच मुलं. पहिला तास सकाळी सहाला, फिजिक्सचा, दुसरा माझा. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलांना इंग्रजीचा तास म्हणजे डबा खायची सवड.

फिजिक्सला भानुदास सर होते. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावचे. फळ्यावर आकृती इतकी सुबक काढत की पुसताना मला जिवावर येई. मी त्यांची आकृती अर्धी ठेवून उरलेल्या जागेत माझं व्याकरण लिहायची, आणि एक दिवस त्यांनीच फळ्याच्या मधोमध रेघ मारून उजवीकडे ‘मॅडम’ असं लिहून ठेवलं. तुम्ही ज्याला डेटिंग म्हणता ते आमचं एवढंच. पुढे तीनदा आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा प्यायलो, पडदा असलेल्या फॅमिली रूममध्ये, आणि तिन्ही वेळा पडदा त्यांनी उघडा ठेवला. ते गावच्या घराबद्दल बोलत. आजोबांनी बांधलेलं, दीड हात जाडीच्या दगडी भिंतींचं, वर माळवद, म्हणजे लाकडावर पांढऱ्या मातीचे थर दिलेलं धाबं. उन्हाळ्यात आत गेलं की माठात शिरल्यासारखं वाटतं, म्हणायचे. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘आईला घेऊन नांदेडला येऊ का?’ मी हो म्हटलं. त्या दिवशी रस्त्याने चालताना मला आठवतं, माझे हातपाय, तोंड, दात, सगळं एका माणसाचं असल्यासारखं वाटलं होतं.

श्रावण संपता संपता ते लोक नांदेडला आले. सर, त्यांचे वडील आणि आई. आई ठेंगणी, काटक, नऊवारी नेसलेली, नाकात मोठी नथ नाही, साधी चमकी. घरात शिरतानाच म्हणाल्या, ‘पायऱ्या लई उंच हायत बाई तुमच्या.’ सर जमिनीकडे बघत बसले ते शेवटपर्यंत. मी पोहे आणले. सरांनी आणि त्यांच्या वडिलांनी बशा घेतल्या. त्यांच्या आईने माझ्या हातातली बशी खाली ठेवली, मांडीवरचं फडकं सोडलं, आणि आमच्या बैठकीत, आम्हा सगळ्यांसमोर, घरून आणलेली ज्वारीची भाकर आणि कारळ्याची चटणी काढून खायला लागल्या. आमच्या घरातला एक कणही त्यांनी तोंडाला लावला नाही, फक्त पाणी प्यायल्या. चटणीची चिमूट माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, ‘खाऊन बघ. झेपतंय का बघ तिखट.’ मग घराचं सांगत बसल्या. हत्ती बांधला भिंतीला तरी हलायचं न्हाई, म्हणाल्या.

ते गेल्यावर आई बराच वेळ त्या भरल्या बशीकडे बघत राहिली. आम्ही शहरातली माणसं. आमच्याकडे पाहुण्याने घरचं अन्न नाकारून स्वतःची भाकर काढली, तर त्याचा अर्थ एकच होता, अपमान. वडील म्हणाले, ‘निदान घराबाहेर पडल्यावर तरी खायचं.’ सुमन शेजारून आली आणि तिने ती बशी उचलून मोरीत नेली.

लातूरला परत आल्यावर सर बोलेनासे झाले. जिन्यात समोरून आले तर भिंतीकडे सरकत. फळ्यावरची रेघ तशीच होती, उजवीकडचं ‘मॅडम’ गेलं. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले, पोस्टकार्ड आलं नाही. मला ते अपमानाच्या वरचं काहीतरी वाटलं, की नकाराच्या कार्डाइतकीही किंमत नाही. एका रविवारी वरच्या मुली गच्चीवर केस वाळवत बसल्या होत्या, त्यांना मी मुदखेड, बिलोली अशी गाणी म्हणून दाखवत होते. एकीने विचारलं, ‘मॅडम, शेवटचं कोणतं?’ आणि मी, जिने अकरा वेळा कार्डाची वाट पाहिली होती, तिने बाराव्यांदा पाहिली नाही. तिथल्या तिथे गाणं जुळवलं. आठ ओळी. नाव घेतलं नाही, पण दगडी घर, भाकर, चटणी, सगळं त्यात होतं, आणि त्या मुली रोज सहाच्या तासाला फिजिक्सच्या सरांकडून गावच्या घराचे दाखले ऐकत होत्या. आठवड्यात ते गाणं क्लासच्या जिन्यावर पोचलं. गणपतीच्या दिवसांत तर आरतीनंतर टाळ्या वाजवून म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

विसर्जनानंतरच्या पहाटे लातूर हाललं ते मी लिहीत नाही. मावशीच्या फळीवरची भांडी पडली आणि आठही मुली रस्त्यावर उभ्या होत्या, एवढंच. उजाडल्यावर मी सवयीने क्लासला गेले. सहाच्या तासाचा फळा कोरा होता. नऊच्या सुमारास एसटीचे ड्रायव्हर सांगू लागले की किल्लारीकडे गावंच्या गावं बसली आहेत. सर क्लासमध्ये एकटेच राहत, ते पहाटेच एका ट्रकच्या मागे उभे राहून गेले होते. दुपारपर्यंत कळलं की दगडमातीची घरं होती तिथे कुणी उरलेलं नाही. विटांची, पत्र्याची राहिली. जितकं जुनं आणि जितकं मजबूत, तितकं वाईट.

मग पाऊस लागला. गल्लीतल्या सगळ्या घरांत भाकरी भाजायला घेतल्या. मावशी थापत होती, मी शेकत होते, मुली फडक्यात बांधत होत्या, पाच भाकरी आणि वर चटणीची पुडी. जीप आली की गाठोडी चढवायची. मावशी म्हणाली, चटणी कारळ्याचीच कर, तिकडच्या लोकांना तीच लागते. मी कारळे भाजले, कुटले, पुड्या बांधल्या. किती गाठोडी बांधली मला आठवत नाही. एकाही मुलीने माझ्याकडे वर मान करून बघितलं नाही. संध्याकाळी न्हाणीघरातल्या बंबात मी वही घातली. दोनशे पानी वही एकदम पेटत नाही. पानं सुटी करून घालावी लागतात.

सर महिन्याभराने आले. वडील, आई, भाऊ, भावजय, चौघंही गेली होती. भावाची दोन मुलं मामाकडे होती म्हणून वाचली. डोक्यावर केस नुकते उगवत होते, त्यामुळे ते फार लहान दिसत होते. मधल्या सुट्टीत हॉलच्या मागे, जिथे खडू-डस्टर ठेवत, तिथे ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. वर्गात ते नेहमी छापील बोलत. त्या दिवशी घरची भाषा बोलले.

‘मॅडम, एक मागायचं व्हतं.’

मी म्हटलं, मागा.

‘पोरी म्हणत होत्या, तुम्ही माज्या आईवर गाणं केलंया.’

वरचा पत्रा उन्हाने कडकडत होता.

‘राग न्हाई मला. तिचा फोटो एकबी न्हाई राहिला. होते दोन, भिंतीलाच होते. आवाज बी ध्यानातून चाललाय आता. गाण्यात ती आहे म्हणत्यात. एकदा म्हणून दाखवा.’

मला शेवटच्या दोन ओळी आठवत होत्या. इतर ओळींपेक्षा जास्त स्वच्छ आठवत होत्या. त्या गाळून बाकीचं म्हणता आलं असतं. कुणीही तसंच केलं असतं. माझी आई तिथे असती तर तिने तिथल्या तिथे दुसऱ्या दोन लावल्या असत्या. मी म्हणाले, ‘आठवत नाही आता.’

‘वही हाय म्हणत होत्या.’

‘जाळली.’

त्यांनी मान हलवली. एक खडूचा तुकडा उचलला, परत डब्यात ठेवला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, ‘तुम्ही भाकरीचं वाईट वाटून घेतलं का? आमच्याकडं पोरगी मनात ठरली की लग्न लागंस्तोवर पोराची आई तिच्या माहेरचं अन्न खात न्हाई. जीपमधी बसल्या बसल्याच म्हणली ती, ठरलं म्हणून. पितरपाठ सरला की साडी घेऊन येणार व्हती. मला म्हणली, तोवर पोरीशी बोलायचं न्हाई, चांगलं दिसत न्हाई.’ मग म्हणाले, ‘हसली असती गाणं ऐकून. उत्तर बी दिलं असतं. गावात तिच्यासारखं कुणी म्हणत नव्हतं.’

मी तेव्हाही बोलू शकले असते. गाणं म्हणून दाखवलं असतं तर पुढचं बोलणं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी त्याच्यासाठीच मागितलं होतं का ते माहीत नाही. पण त्या माणसाच्या घरात राहून, रोज त्याच्यासाठी भाकर करून, त्या दोन ओळी पोटात ठेवायच्या, हे मला जमलं नसतं. आणि त्या ओळी त्याला सांगून पुढे त्याच्या घरात राहणं, तेही जमलं नसतं. घंटा झाली. दिवाळीनंतर ते भावाच्या मुलांना घेऊन बहिणीकडे गेले. पुढे त्यांचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही. फळ्यावर मी बरेच दिवस अर्ध्याच भागात लिहीत होते. नव्या सरांनी त्यावरून चेष्टा केली तेव्हा पूर्ण फळा वापरू लागले.

दोन वर्षांनी तुमचे आजोबा आले. त्यांची पहिली बायको गेली होती, बरोबर तुमची आई होती, दहा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. आजोबांनी मला काही विचारलं नाही. तुमच्या आईने पोह्यांतले शेंगदाणे वेचून बाजूला काढले आणि पोहे खाल्ले. मी हो म्हटलं. माझ्या आईने रात्री वाट पाहिली, मी काही म्हणते का म्हणून. मी गाणं केलं नाही. नंतर कधीच केलं नाही. माझ्या लग्नाच्या मांडवात बायकांनी विहिणीची गाणी सुरू केली तेव्हा मला घेरी आली आणि सगळ्यांना वाटलं उपवासामुळे. आजोबांना ही सगळी हकीकत माहीत आहे, गाण्याचे शब्द सोडून. त्यांनी कधी विचारले नाहीत. तो त्यांचा मोठेपणा आहे, की त्यांनाही काही जागा बंदच ठेवायच्या आहेत, ते मी तीस वर्षांत ठरवू शकले नाही.

इरा, तुझ्या गाण्यातल्या मुलाला तू ते ऐकवलंस का, एवढंच मला विचारायचं होतं आणि फोनवर विचारवलं नाही. माझं खाली लिहिते आहे. बत्तीस वर्षांत एक शब्द विसरले नाही.

विहीण आली बाई, भाकर बांधून
आमच्या पोह्यांना गं, बघते लांबून
विहिणीच्या फडक्यामंदी, कारळ्याची चटणी
जीभ भाजली आताच, पुढं काय करणी
विहिणीच्या गावामंदी, दगडाचं गं घर
माती टाकली माळवदी, हत्तीएवढा भार
नको मला असलं घर, सांगा तिला जाऊन
भिंतीखाली जाईन गं, मीच की चिरडून

याच्याखाली मी आठ ओळींची जागा कोरी सोडली आहे. तुम्ही हे टाइप करून घ्याल तेव्हा ती भरून काढू नका. मांडवात आपलं गाणं संपलं की बायका तेवढा वेळ गप्प बसतात, विहिणीला उत्तर देता यावं म्हणून.